न टोचलेले मणी

मातीचे मणी वाळून खडखडीत झाले होते. आज फक्त ओवायचे आणि ज्यानं त्यानं आपली माळ आपल्या आईच्या गळ्यात घालायची, असं ताईंनी सांगितलं होतं. बालवाडीतली मुलं आणि विशेष शाळेतली मुलं एकाच लांब टेबलाशी बसली होती. आया भिंतीकडेच्या खुर्च्यांवर.

कडेच्या खुर्चीतल्या आईनं मान उंचावून विशेष शाळेतल्या आपल्या लेकीच्या ट्रेमध्ये पाहिलं. अकरा मणी. गुळगुळीत, एकसारखे, टेबलावरच्या सगळ्यांत देखणे. एकालाही भोक नव्हतं.

शेजारची बालवाडीतली चिमुरडीही वाकून बघत होती. "काकू, हिच्या मण्यांचे कान टोचलेच नाहीत."

दोन-तीन आया हसल्या. आईही हसली, हसावं लागतं म्हणून.

ताई जवळ येऊन खालच्या आवाजात सांगू लागल्या. मागच्या आठवड्यात ओल्या मण्यांना त्यांनी स्वतः काडीनं भोकं पाडून दिली होती. ही बोटानं एकेक बुजवत गेली. तीनदा पाडली, तीनदा बुजवली. "घरी काही शिकवलंय का हिला?"

महिनाभर रोज घरी मणी वळताना आईनंच घोकवून घेतलं होतं : चीर दिसली की बोट ओलं करायचं आणि बुजवायची. मणी फुटू नये म्हणून. चार मुलांत हसं होऊ नये म्हणून. भोक बुजवायचं नसतं, हे सांगायचं मात्र सुचलं नव्हतं. आणि लेकीला एकदा शिकवलं की ती दगडावरची रेघ.

"आता नाही का टोचता येणार?"

"वाळल्यावर फुटतात हो. एखादी तयार माळ आणू?"

तेवढ्यात लेक ट्रे घेऊन समोर आली. दोरा टेबलावरच राहिला होता. एक मणी उचलून तिनं आईच्या गळ्याच्या खळगीत ठेवला. तो घरंगळला. पुन्हा ठेवला. पुन्हा घरंगळला. लेकीचा श्वास जोरजोरात चालू लागला. यापुढे काय होतं, ते आईला पाठ होतं.

तिनं डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि श्वास रोखला. मणी राहिला. मग गळ्याच्या एका बाजूच्या हाडामागे दुसरा, दुसऱ्या बाजूला तिसरा.

"आणू ना माळ?" ताईंनी पुन्हा विचारलं.

उत्तर द्यायचं तर गळा हलला असता. आई छताकडे बघत राहिली. चौथा मणी चिमटीत धरून लेक जागा शोधत होती.