टोचलेलं कळतंय

"टोचतंय का?" जन्नतबी सिस्टरनं सुई पायाला लावत विचारलं.

"हाव," शिवम्मा म्हणाली.

सकाळी दहाला तिच्या कंबरेच्या मणक्यात इंजेक्शन दिलं होतं. दोन तास पाय जड राहतील, मग उठून घरी जायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. आता दीड वाजला होता. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली, त्यातली दोन बिनपावसाची. दीड कोसावरून डोक्यावर घागरी वाहून शिवम्माची कंबर गेली होती.

"चालती होईल ना?" तिचा नवरा संगप्पा तिसऱ्यांदा विचारत होता. "कळतंय म्हणतीय. मग सोडा की. तीनची यष्टी हाय."

डॉक्टरांनी सुटीचा कागद पुढं ओढला.

जन्नतबीचं मन मानेना. सकाळपासून शिवम्माला लघवी झाली नव्हती. ओटीपोट टम्म फुगलं होतं. तिनं शिवम्माला छताकडं बघायला सांगितलं.

"आता टोचतंय?"

"हाव."

"आता?"

"हाव बाई, दुखतंय."

जन्नतबी वळली. "डॉक्टरसाब, मी हात लावलाच न्हाई."

डॉक्टर उठले. त्यांनी स्वतः टोचून पाहिलं. तळवे, पोटऱ्या, मांड्या. शिवम्मा छताकडं बघत पडून राहिली. तिला काहीच कळत नव्हतं.

"आत रक्त साचून नसा दबल्यात," डॉक्टरांनी सुटीचा कागद बाजूला सारला. "माझ्याच इंजेक्शननं. आज ऑपरेशन झालं नाही तर दोन्ही पाय गेले."

त्यांनी स्वतःची जीप काढली. सोलापूरपर्यंत शिवम्माचं डोकं जन्नतबीच्या मांडीवर होतं. संगप्पा पुढं बसला होता. तो एकदाही मागं वळला नाही. संध्याकाळी सहाला शिवम्माला ऑपरेशनला आत घेतलं.

आठव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. उजवा पाय मात्र तसाच लुळा राहिला. जन्नतबी मुद्दाम रजा काढून तिला भेटायला आली.

"येडे, पाय कळत नव्हते तर हाव कशाला म्हणलीस? अजून उशीर झाला असता म्हणजे?"

शिवम्मानं दाराकडं पाहिलं. संगप्पा चहा घेऊन तिथंच उभा होता. तरी ती बोलली.

"खरं सांगितलं असतं, तर यांनी तीनची यष्टी एकट्यानं धरली असती, बाई."