चाळीस सेकंद

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा व्याख्यान एकवीस मिनिटांचं होतं. केतकीनं ते संगणकावर लावून दाखवलं तेव्हा सोळा मिनिटांचं झालं होतं.

"पाच मिनिटं कुठे गेली?" श्रीरंग सरांनी विचारलं.

"सॉफ्टवेअरनं काढली, सर. दोन सेकंदांहून जास्त शांतता असली की ते रिकामी जागा म्हणून कापून टाकतं. बघा, कसं टाइट झालंय."

सर अडतीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. नव्या ऑनलाइन कोर्ससाठी कॉलेजनं त्यांना परत बोलावलं होतं. त्यांचा हा पहिला धडा उद्या सकाळी पहिल्या वर्षाच्या चारशे मुलांच्या मोबाइलवर जायचा होता.

ते वाकून पडद्याकडे बघू लागले. पडद्यातले सर विचारत होते, "पेला काठोकाठ भरलाय. पाण्यावर बर्फाचा खडा तरंगतोय. खडा वितळला तर पाणी सांडेल?" आणि श्वासही न घेता लगेच, "नाही सांडणार."

"इथे मी चाळीस सेकंद थांबलो होतो."

"सातही प्रश्नांना थांबलात. मला वाटलं, तुम्हाला पुढचं आठवत नाहीये."

सर हसले. "अगं, तिथे मुलं विचार करत होती."

"कुठली मुलं? खोलीत आपण दोघंच होतो."

"उद्याची."

केतकीला पुण्याहून इकडे येऊन वर्षच झालं होतं. तिनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "सर, खरं सांगू? मुलं हे बसमध्ये बघतात. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये. तिथे कोण थांबणार?"

"तिथे थांबण्याशिवाय दुसरं काय करतात?"

आता केतकीलाही हसू आलं. "पण सेटिंग लॉक आहे. मला हात लावता येत नाही. आणि पाचला अपलोड करायचंय."

घड्याळात साडेतीन झाले होते.

"मग हा धडा नको पाठवूस," सर शांतपणे म्हणाले. "प्रश्न मीच विचारायचा आणि उत्तरही मीच सांगायचं, तर त्यात मुलांनी काय करायचं?"

ते रेकॉर्डिंगच्या खोलीत, काचेपलीकडच्या टेबलाशी गेले आणि कागद गोळा करू लागले. तेवढ्यात प्रेमाक्का कॉफी घेऊन आल्या. त्या निपाणीकडच्या. कॉलेजात सगळ्यांशी कन्नड बोलायच्या, सरांशी मराठी.

"सार, गरम आहे. स्वल्प निवू दे." त्यांनी पेला उंच धरून कॉफी वाटीत ओतली, वाटीतली परत पेल्यात.

"अक्का, माइक चालू आहे," केतकीनं काचेवर टकटक केलं.

सरांचे हात थांबले. ते तसेच बाहेर आले. कोणी बोलत नसलं की केतकीच्या पडद्यावर आवाजाची रेघ सपाट व्हायची. आता नुसत्या कॉफीच्या धारेनं तिच्यावर बारीक गवत उगवल्यासारखं दिसत होतं.

"हे कापलं जाईल?"

"नाही. हा तर आवाज आहे ना..." केतकी बोलता बोलता थांबली आणि त्यांच्याकडे बघू लागली.

"प्रेमाक्का," सर म्हणाले, "तो पेला राहू दे इथेच."

"सार, थंड होईल की."

"होऊ दे."

धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. सर प्रश्न विचारायचे, कॅमेऱ्याकडे एकदा बघायचे आणि पेला उचलायचे. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात. एवढ्या निवांतपणे, की जणू चारशे जण समोर बसलेत आणि कुणालाच घाई नाही. प्रेमाक्का दाराशीच उभ्या राहिल्या. आपली कॉफी कोणी इतका वेळ वरखाली केलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

सहा प्रश्न झाले. सातवा, बर्फाचा, सरांनी ऐन वेळी बदलला.

"तळ्यात होडी आहे. होडीत मोठा दगड. तो उचलून पाण्यात टाकला. दगड बुडाला. आता तळ्याचं पाणी चढेल, उतरेल, की तेवढंच राहील?"

आणि पेला उचलला.

चढेल, केतकीच्या मनात आलं. दगड पाण्यात पडला म्हणजे चढणारच. मग वाटलं, पण दगड होडीत होता तेव्हाही त्याचा भार पाण्यावरच होता. तिनं टेबलावरचा पिनांचा डबा पुढे ओढला, त्यात स्टेपलर ठेवला, परत काढला. इंजिनिअरिंगची चार वर्षं तिनं दुप्पट वेगानं लावलेल्या व्हिडिओंवर काढली होती. कॉफीची धार पडत होती. होडीत असताना दगड आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. बुडाला की फक्त आपल्या आकाराएवढं. आणि दगड तर पाण्यापेक्षा जड.

ती खुर्चीवरून उठली. काचेला नाक लावून तिनं बोट खाली दाखवलं. एकदा, मग पुन्हा.

सरांनी ते पाहिलं. तरी उरलेले सेकंद पुरे होईपर्यंत ते ओततच राहिले. मग म्हणाले, "उतरेल. बसमध्ये ज्यांना आलं, त्यांनी शेजारच्याला सांगा कसं ते."

कॅमेरा बंद झाल्यावर त्यांनी ती गार कॉफी एका दमात पिऊन टाकली.

"सार, दुसरी आणते," प्रेमाक्का म्हणाल्या, आणि दारातच अडल्या. "पण पाणी उतरेल कसं? दगड तर आत गेला."

"या, दाखवते," केतकी डबा रिकामा करत म्हणाली. "एक बादली मिळेल का, अक्का?"

दोघी बादली शोधायला गेल्या. मागे संगणकानं धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. तेवीस मिनिटं. मग पडद्यावर एक हिरवी ओळ उमटली: रिकामी जागा आढळली नाही.