फायटरच्या टाकीतला फेस

टाकीत आज पुन्हा फेस होता.

फोरमनने चहाचा कप खाली आदळला आणि काचेला नाक लावून पाहिलं. झाकणाखाली, कोपऱ्यात, तळहाताएवढा पांढरा थर. त्याच्याखाली लेकीचा निळा फायटर मासा तडफडत होता. बिचारा वर यायचा, फेसाला तोंड लावायचा, खाली जायचा, पुन्हा वर. आज सलग चौथा दिवस.

फोरमनची तळपायाची आग मस्तकात गेली. तशी ती जायला फार लांबचा प्रवास करत नसे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी कारखान्यातली पोरं रस्त्यात दिसली की अजून बाजूची गल्ली धरत.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा मासा बरणीत ठेवून गेली होती. जाताना म्हणाली होती, "बाबा, बरणीत त्याचे हाल होतात. टाकी लावायला जमेल ना तुम्हाला? नाहीतर मैत्रिणीकडे देते."

ते 'जमेल ना' त्याला भारी झोंबलं. बायको गेल्यापासून बापलेकीचं बोलणं चार शब्दांवर आलं होतं, आणि त्या चारांतले दोन हे! येत्या रविवारी ती यायची होती. मासा ठणठणीत दिसला तर ठेवणार, नाहीतर उचलून नेणार.

मग काय, फोरमनने कारखान्यात नवं मशीन बसवावं तशी टाकी बसवली. वीस लिटरची, आडवी. मासा उडी मारतो म्हणून झाकण. पाणी कोमट राहायला हीटर. लांब शेपटीला जोराचा प्रवाह सोसत नाही म्हणून फिल्टर अगदी मंद. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब. मागच्या काचेला बाहेरून पांढरा कागदसुद्धा डकवला, कारण हा पठ्ठ्या काचेत स्वतःचंच रूप बघतो आणि वैरी समजून गाल फुगवून धावून जातो.

जागा मात्र एकच होती. उन्हापासून लांब, भिंतीलगतचं टेबल. ते होतं धाकट्या भावाचं. धाकटा घड्याळजी, बावीस वर्षं त्याच टेबलावर लोकांची घड्याळं उघडत बसलेला.

"घे की, दादा," एवढंच म्हणून त्याने आपले चिमटे, भिंग आणि पेचकस उचलले आणि स्वयंपाकघरात सिंकजवळ बस्तान हलवलं.

"आणि टाकीला बोट लावायचं नाही. कळलं?"

"कळलं."

इतक्या सहजासहजी? पाणी कुठंतरी मुरतंय, असं फोरमनला तेव्हाच वाटलं होतं.

झालंही तसंच. पहिल्या दिवशी फेस. दुसऱ्या दिवशी फेस आणि पाण्याला चहाचं धुवण असावं तसा तांबूस रंग. तिसऱ्या दिवशी तर तळाशी कुजका पाला. फोरमन रोज गाळणीने फेस काढी, कचरा फेकी, निम्मं पाणी बदली. दुसऱ्या दिवशी फेस हजर!

तो स्वयंपाकघरात शिरला. घड्याळजी वाटीत साबणाचं पाणी करून घड्याळाचा पट्टा ब्रशने घासत होता. वाटी फेसाने भरली होती. आणखी काय पुरावा हवा?

"टाकीत साबण का टाकतोस?"

"मी साबण नाही टाकला, दादा."

"मग काय टाकलंस?"

घड्याळजीने ब्रश खाली ठेवला. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाचा बसली?"

"रविवारी ती आली की तिलाच विचार."

"माझ्या पोरीला मध्ये आणू नकोस. टेबल गेलं म्हणून मुक्या जिवावर सूड उगवतोस? खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

"जन्म गेला तुझ्याबरोबर. एवढंच ओळखलंस मला?"

"ओळखलं म्हणूनच सांगतो. ती यायच्या आत या घरातून नीघ. आजच."

घड्याळजी भांडला नाही, त्याचाही फोरमनला रागच आला. निरपराध माणूस असा मूग गिळून बसतो होय? तासाभरात दोन पिशव्या भरल्या. दारात चपला घालता घालता धाकटा म्हणाला, "हीटर बघ जरा. पाणी गार पडलंय."

"तू नको शिकवूस मला."

दार इतक्या जोरात लागलं की टाकीतलं पाणी हललं. फोरमनने थर्मामीटर पाहिला. पाणी खरंच दोन अंशांनी उतरलं होतं. त्याने हीटर वाढवला आणि त्याचं डोकं आणखीच फिरलं.

आजचा फेस मात्र त्याने काढला नाही. पुरावा होता तो. फोनवर त्याचा फोटो काढला, लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघ तुझ्या काकाचे प्रताप.'

मिनिटभरात फोन वाजला. लेक हसत होती. आई गेल्यापासून ती अशी हसलेली त्याने ऐकली नव्हती.

"बाबा, घरटं बांधलं त्याने!"

"कसलं घरटं?"

"अहो, ते फुगेच त्याचं घरटं. पाणी मानवलं, जागा आवडली की नर फायटर तोंडाने एकेक फुगा सोडून बांधतो. माझ्याकडे वर्षभर होता, एकदाही नाही बांधलं. तुम्ही करून दाखवलंत, बाबा. राहू द्या त्याला तिथंच."

फोरमन खुर्चीत बसला. समोर स्वयंपाकघरात सिंकच्या कडेला गाळणी वाळत होती.

"आणि पाणी तांबूस दिसतंय, म्हणजे काकाने बदामाचं सुकं पान सोडलं वाटतं. त्याने बरं वाटतं त्यांना. मीच सांगितलं होतं त्याला. म्हटलं, बाबांना बोलू नकोस, तुझी मदत आहे कळलं तर चिडतील. टाकी त्यांच्या एकट्यांचीच राहू दे. बघा, शब्द पाळला की नाही?"

फोरमनने बंद दाराकडे पाहिलं.

"बाबा? कुठंय काका? द्या ना त्याला फोन."