धावजीचा डावा पाय

"ही का गाडी हाय? क्लच नाही, काही नाही. खेळणं हाय खेळणं!" यवतमाळच्या दवाखान्याबाहेर धावजीनं नव्या गाडीच्या बोनेटवर दोन थापा मारल्या, बाजारात म्हैस बघताना मारतात तशा, आणि तोंड वाकडं केलं.

दिग्रस डेपोत उभी हयात एसटी चालवलेला माणूस तो. लाल डब्याचा क्लच दाबून दाबून आपली डावी पोटरी कशी दगड झालीय, हे तो आल्यागेल्या पाहुण्याला पायजमा वर करून दाखवायचा. गाडी त्याच्या पोराची, शामची. शाम शाळेवर मास्तर. या मास्तराला बोनेट उघडायचा खटका सापडत नसे. चाक पंक्चर झालं की हा आधी मोबाईलवर व्हिडिओ शोधणार! असल्या बिनडोकांसाठीच सरकारनं गाडीत घंट्या, एअरबॅगचे फुगे अन् पट्टे लावायला लावले, असं धावजीचं ठाम मत होतं. ज्याला गाडी कळते त्याला घंटी कायले लागते?

आज शाम ट्रेनिंगला अडकला होता, म्हणून बायकोला, गंगीला, न्यायला धावजीलाच यावं लागलं. सकाळी किल्ली देताना पोरानं चार-चारदा बजावलं होतं.

"बा, डावा पाय मांडीखाली घेऊन बसजो. त्याचं कामच नाही गाडीत. दोनच पायडल हायत, डावीकडचं रुंदवालं ब्रेकचं हाय. अन् याडीले, माह्या मायले, पट्टा लावजो."

"बापाले गाडी शिकवतं का बे?" धावजीनं किल्ली हिसकावून घेतली होती.

गंगी दवाखान्यातून भिंत चाचपत बाहेर आली. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन कालच झालं होतं. डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला, त्यामुळे जे काही होतं ते या एकाच डोळ्यावर होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, शिंक आली तर जपून, आणि काही झालं तरी धक्का लागू द्यायचा नाही. गेले दोन हंगाम तिनं कापूस बोटांनी चाचपूनच वेचला होता. बोंडात अळी आहे हे तिला दिसत नव्हतं, हाताला ओलं लागलं की कळायचं.

"पट्टी सुटली का पह्यले वावर पाहीन," ती गाडीत बसता बसता म्हणाली. "अळीनं किती खाल्लं ते माह्या डोयानं पाहीन."

ती बसली तशी गाडी टिंग टिंग वाजायला लागली.

"अवो, पट्टा लावून द्या ना मले. डॉक्टर बी धक्का नको म्हणत व्हते."

"माह्या गाडीत कोणाले धक्का लागला आजवर?" धावजी फिस्सकन हसला. त्यानं पट्टा ओढला, तिच्या पाठीमागून नेला आणि खटक्यात अडकवला. स्वतःचा त्यानं बसायच्या आधीच तसा अडकवून ठेवला होता. घंटी बंद झाली. "झालं! बायको अन् गाडी, दोन्ही गप."

गंगीनं पदर सावरला. तिला या माणसाची सवय होती.

दारव्ह्यापर्यंत गाडी लोण्यासारखी आली. डावा पाय मांडीखाली घ्यायला तो काय बिछायतीवर बसला होता? पाय होता तिथंच, खाली. मध्येच तो स्टेअरिंगवरचा एक हात काढून पोराला शिव्या देत होता. यात शिकायचं काय आहे? हे तर शेंबडं पोरगंही चालवील.

दारव्ह्याच्या पुढं एका जिनिंगजवळ कापसाची बंडी रस्त्यानं चालली होती. गाडीपासून अजून चांगली दूर होती. कुणी आडवं आलं नाही, बैल बुजले नाहीत, काहीसुद्धा झालं नाही. धावजीला नुसतं वाटलं, एक गेर कमी करावा. हात दांड्यावर गेला आणि त्याच्यासोबत, कुणाला न विचारता, डावा पाय उठला. एसटीचा क्लच दाबायचा तसा, सगळा जोर लावून, तो त्या रुंद पायडलवर आदळला.

गाडी जागच्या जागी गच्च थांबली. धावजीच्या हातात स्टेअरिंग होतं. गंगीला धरायला काही नव्हतं, आणि तिला धरून ठेवणाराही काही नव्हतं. तिचं तोंड पट्टीसकट समोर आपटलं. फुगे फुटले नाहीत, कारण गाडी कशावर धडकलीच नव्हती. गाडीला साधा ओरखडासुद्धा नव्हता.

मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं कशीबशी गाडी वाचवली आणि खिडकीशी येऊन खेकसला, "ओ बुढ्या! नवीन शिकून राह्यला का?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी धावजीनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज तो गंगीकडं वळला. गंगीच्या पट्टीखालून रक्ताची बारीक धार गालावर उतरत होती.

ती रडली नाही. तिनं हात तोंडासमोर धरला, हलवला, परत हलवला.

"पट्टीतून जरासा उजेड येत व्हता," ती म्हणाली. "आता नाही येत."

धावजीनं दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला आणि मांडीखाली कोंबला. गाडी यवतमाळकडं वळवायची होती. मग त्याला पट्टा आठवला. तिच्या पाठीमागचा पट्टा त्यानं खटक्यातून सोडला मात्र, गाडी पुन्हा टिंग टिंग ओरडायला लागली. त्यानं पट्टा तिच्या छातीवरून घेतला, पण त्याचं टोक खटक्याच्या बाजूलाच आपटत राहिलं, आत जाईना.

"थांब, थांब, बंद करतो," तो पुटपुटत होता. "करतो बंद..."

"वाजू द्या," गंगी म्हणाली. "तुमी गप बसा. तिले बोलू द्या."