डोंगरावरची शेळी

"आमच्या बंद पडलेल्या कंपनीचा गेम वेबसाइटवर तुम्हीच टाकलात ना?" फोनवर वयस्कर आवाज होता.

"सर, परवानगी कुणाकडे मागायची तेच कळेना. लगेच काढून टाकते," मी घाबरून म्हणाले.

"हक्क कुणाकडे गेले, मलाही ठाऊक नाही. मी तिथला साधा प्रोग्रॅमर, परवानगी देणारा मी कोण! पण त्यातली शेळी डोंगर चढताना मध्येच बसायची. आता बसत नाही."

"ती चूक मी दुरुस्त केली," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"चूक नव्हती हो ती. गेम तपासायला माझी बायको खेळायची. तिला संधिवात, पण बोटं दुखली तरी थांबायची नाही. म्हणून मी शेळीलाच बसवलं. बायकोला हे अजून माहीत नाही. काल तिनं तुमच्याकडचा गेम खेळला आणि नंतर तासभर बोटं शेकत बसली."

मी गेम काढला नाही; माझी दुरुस्ती तेवढी काढली.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. मागून बाईंचा आवाज आला, "अहो, बसली बघा परत! आळशी कुठली!"