फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न

लग्न डिसेंबरात झालं, पण नोकरीपायी रसेल अजून फ्लोरिडातच राहत होता आणि डोरीन न्यूयॉर्क राज्यात, बफेलोला. फ्लोरिडा पगारावर कर घेत नाही, न्यूयॉर्क चांगला घसघशीत घेतं. म्हणून करसल्लागार हॅलोरनबाईंसमोर रसेल अगदी जपून बोलत होता.

"मतदान कुठे करता?"

"फ्लोरिडात."

"गाडीची नोंदणी?"

"तिथलीच. होडी, कुत्रा, सगळं तिथेच आहे, बाई."

"बरं. आणि तुमच्या सगळ्यात जिवाभावाचं जे आहे, ते कुठे राहतं? ते जिथे, तिथे तुमचं घर. तिथलाच कर."

रसेलने हळूच शेजारी पाहिलं. डोरीन छताकडे बघत होती, जणू तिचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता. वर्षभराचा कर त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"लिहा... बफेलो."

बाईंनी काहीच लिहिलं नाही. पर्समधून वीस डॉलर काढून त्यांनी डोरीनच्या हातावर ठेवले.

"घाबरू नका हो, न्यूयॉर्कला तुम्ही काही देणं लागत नाही. हा प्रश्न फॉर्मवर नाहीच. मी आपली डोरीनशी पैज लावली होती, तुम्ही फ्लोरिडाच म्हणणार!"