रुमालाखालचं मत

“जीभ झडली तरी बेहत्तर, पर चारचौघांत तोंडानं आकडा सांगनार न्हाई!” पायगोंडा इतक्या जोरात ओरडला, की आवाराबाहेर रवंथ करत बसलेले बैल उठून उभे राहिले. “आमाला वरडायला जमत न्हाई!”

सांगलीच्या हळदबाजारातल्या सगळ्या अडत्यांनी माना डोलावल्या. दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं, आणि आता बाजारही सुधारायचा असं संस्थानच्या कचेरीनं मनावर घेतलं होतं. आजवर घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हात घालत, एकमेकांची बोटं दाबत आणि भाव ठरवत. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नसे. पुढच्या हंगामापासून भाव मोठ्यानं पुकारावा, अशी सूचना आली होती. मात्र अडत्यांनी आपसांत मत घेऊन काय ते ठरवावं, असंही कचेरीनं म्हटलं होतं.

खांबाशी हळदीच्या पोत्यावर त्रिशला बसली होती. तिच्या मांडीवर वडिलांचा रुमाल होता. दिवाळीत वडील, आदगोंडा, गेले. तेव्हापासून अडत तीच पाहत होती. हळकुंड मोडताना कट्ट वाजतं का, यावरून माल वाळला की ओला ते तिला कळे. शेतकरी तिचं ऐकत. पण रुमालाखाली परक्या पुरुषाच्या हातात हात देणं तिला शक्य नव्हतं, आणि तिचा हात धरायला कुणी धजलंही नसतं. जुनी रीत राहिली तर अडत बंद. बंद होणाऱ्या अडतीचा रुमाल बाजारातल्या वडीलधाऱ्याकडे द्यायचा असे. तो द्यायलाच ती आली होती. तिनं तो धुतला नव्हता. एका टोकाला गाठ होती आणि गाठीत वडिलांनी ठेवलेली लवंग.

“मग मत घेऊ,” लालासाहेब म्हणाले. बाजारात तेच सगळ्यांत वडील. “जुनी रीत ज्याला नको आसंल त्यानं हात वर करा.”

कुणाचाच हात हलला नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या हाताकडे पाहत होता.

“आवं काका,” नाथाजी म्हणाला, “उघड्यावर हात दाखवायची सवय न्हाई आमास्नी. रुमालाखाली घ्या की मत.”

सूचना सगळ्यांना पसंत पडली. एक बोट म्हणजे नवी रीत, दोन बोटं म्हणजे जुनी. पण लालासाहेबांचा रुमाल नेमका त्याच सकाळी त्यांच्या बायकोनं, बयाबाईंनी, धुवायला टाकला होता. लालासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्रिशलापुढं हात केला.

“दे पोरी. कुठंतरी द्यायचाच हाय न्हवं?”

तिनं दिला.

लालासाहेब एकेकाचा हात रुमालाखाली घेत पुढं सरकू लागले. एका बोटाला कोटाच्या डाव्या खिशात हळकुंड टाकत, दोन बोटांना उजव्या. नाथाजीला गुदगुल्या झाल्या आणि तो मत न देताच हसत सुटला. त्याचं मत पुन्हा घ्यावं लागलं. जोतीरामापाशी तर ते बराच वेळ अडले.

“जोतीराम, मत देतोयस का सौदा करतोयस रं? आधी दोन दाबलीस, मग दीड!”

“सवय हाय, काका. पहिला आकडा खरा कवा सांगतोय मी?”

शेवटी दोन्ही खिसे तराजूच्या दोन पारड्यांत रिकामे झाले. काटा मधोमध उभा राहिला. उजवीकडची हळकुंडं बारीक हायती, अशी पायगोंडानं तक्रार केली. मग मोजली. तरी सारखीच भरली.

जुन्या रीतीसाठी माना डोलावणाऱ्यांतल्या निम्म्यांनी रुमालाखाली एकच बोट दाबलं होतं. हा फितूर कोण, म्हणून जो तो दुसऱ्याकडं संशयानं पाहू लागला. एक बोट दाबणारे जरा जास्तच संशयानं पाहत होते.

“आदगोंडाची अडत अजून चालू हाय,” लालासाहेबांना आठवलं. “तिचं मत ऱ्हायलं.”

सवयीनं त्यांनी रुमालाखालून हात पुढं केला. मग समोर कोण आहे ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि हात तसाच हवेत राहिला. सगळे दुसरीकडं पाहू लागले.

“एक,” त्रिशला म्हणाली.

“काय?”

“एक, काका.” या वेळी ते बाहेर बैलांपर्यंत ऐकू गेलं.

“ह्ये चालत न्हाई!” पायगोंडा उसळला. “मत आसं तोंडानं देत्यात व्हय?”

लालासाहेबांनी एकदा लोणंदला कांद्याचा लिलाव ऐकला होता. तो त्यांना आता आठवला.

“मग वाढीव बोल की, गड्या,” ते म्हणाले. “दोन म्हन. परत मोजू. एक वार.”

पायगोंडानं तोंड उघडलं. सगळ्यांचे डोळे त्याच्या जिभेवर. त्यानं दोन बोटं वर केली, पण त्यांच्यावर रुमाल नाही हे पाहून झटकन कोटात लपवली.

“दोन वार. बोल रं.”

त्यानं तोंड मिटलं.

“तीन वार! नवी रीत ठरली!”

लालासाहेबांना घाम फुटला होता. हातातल्या रुमालानं त्यांनी कपाळ पुसलं, गाल पुसले, मान पुसली. आदगोंडांच्या बोटांची इतक्या वर्षांची हळद त्यांच्या तोंडावर उतरली.

“आवं लालासाहेब,” पायगोंडा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, “ह्या वयात हळद लागली की तुमाला!”

त्रिशलाही हसली. मग तिनं उठून रुमाल परत मागून घेतला. गाठीतली लवंग चाचपून पाहिली. बाजाराला आता त्या रुमालाचा काही उपयोग नव्हता. आता तो तिला घरी नेता येणार होता.